किरणांवरचे दोन चमचे

आक्काला शेक सुरू झाला तेव्हा तिच्या औषधपाण्याविषयी ठाम मत नसलेलं एकच माणूस कर्जत तालुक्यात उरलं होतं, आणि ते म्हणजे आक्का.

शेक म्हणजे रेडिएशन. रुग्णालयातल्या मोठ्या शब्दाला घरातला लहान शब्द लावला की आजारही जरा लहान होतो, अशी आमच्याकडे समजूत आहे. आक्का माझी थोरली बहीण. तिच्या स्तनातली गाठ काढून झाली होती आणि आता त्या जागी काही आठवडे, सुट्टीचे दिवस सोडून रोज, यंत्राखाली पडायचं होतं. रुग्णालय पनवेलच्या पुढे. पोशीरहून तिथे रोज जाणंयेणं तिला झेपणारं नव्हतं, म्हणून ती माझ्याकडे दहिवलीला राहायला आली. भावोजी पोशीरलाच थांबले. म्हैस दुसऱ्या कोणाला दूध काढू देत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आक्काच्या मते म्हशीला विचारलं असतं तर ती म्हैस पनवेलला आली असती.

आक्काची लेक मात्र आली. तिला खालापूर तालुक्यात दिलेली आहे. शेक संपेपर्यंत आईजवळ राहायला तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या व्याह्यांनी, परवानगी दिली होती. दिली होती म्हणजे जाहीर केली होती. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर त्यांनी ‘मातृसेवा हीच ईश्वरसेवा’ असा मजकूर, त्यावर सूर्योदय आणि खाली स्वतःचा फोटो टाकला. जाहीर केलेली परवानगी जाहीरपणे परतही घेता येते, हे आम्ही तिघीही जाणून होतो.

आक्काला यंत्राचं भय नव्हतं, दाराचं होतं. त्या खोलीचं दार हातभर जाड आहे आणि ते लागलं की आत माणूस एकटा. पहिल्या दिवशी दारापर्यंत लेकीनं हात धरला, आणि त्या दिवसापासून आक्कानं मागणं एवढंच ठेवलं. जेवणात काय आहे, गाडी कोणाची आहे, बाहेर ऊन किती आहे, याचं तिला काही नव्हतं. दारापर्यंत लेक हवी.

डॉक्टर तरुण मुलगी होती. बोलायला स्पष्ट आणि दिसायला दमलेली. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, “घरचं जेवण सगळं खा. चटणीत आवळा असला तरी चालेल, आमटीत हळद असू दे. पण अर्क, काढा, चूर्ण, ताकदीच्या गोळ्या, यातलं काहीही शेक संपेपर्यंत नको. कोणी कितीही सांगितलं तरी.”

“वाईट असतात का?” भाचीनं विचारलं.

“या वेळी फायदा करतील की तोटा, हे मला नक्की माहीत नाही. आणि ते तुमच्या आईवर शोधून काढायची माझी इच्छा नाही.”

माहीत नाही, असं म्हणणारा डॉक्टर मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला आणि माझा तिच्यावर विश्वास बसला. आक्काचा त्याच वाक्यानं थोडा उडाला.

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. निवृत्त झाल्यावरही ती खोड जात नाही, म्हणून परतीच्या वाटेवर मी आक्काला सगळं समजावून सांगितलं. किरणं पेशीतल्या पाण्याला धक्का देतात. त्या धक्क्यानं काही रेणू अर्धवट तुटतात, आणि असा तुटलेला रेणू शेजाऱ्याचं काहीतरी हिसकावल्याशिवाय स्वस्थ बसत नाही. या हिसकाहिसकीत पेशीचं नुकसान होतं. गाठीच्या उरल्यासुरल्या पेशी मराव्यात म्हणून नेमकं तेच हवं असतं. आता जांभळाच्या रंगात, आवळ्याच्या तुरटपणात, हळदीत, तुळशीत अशी द्रव्यं असतात जी या भांडखोर रेणूंना स्वतःजवळचं देऊन गप्प करतात. त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. यात खोटं काही नाही, शहाणी माणसं प्रयोगशाळांतून त्यावर मन लावून काम करताहेत. अडचण एवढीच, की भांडण मिटवायला निघालेला हा सज्जन कोणाच्या घरात शिरेल ते सांगता येत नाही. चांगल्या पेशीत शिरला तर उपकार. गाठीच्या पेशीत शिरला तर तिलाही वाचवायचा.

आक्कानं चौक गाव येईपर्यंत सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बाय, वर्गातली पोरं जागी राहायची का गं?”

बातमी पोशीरहून निघाली, नेरळला थोडी फुगली आणि दहिवलीला पोचेपर्यंत आक्काला तीन आजार झाले होते. मग माणसं यायला लागली. आमच्या इमारतीला स्वित्झर्लंडमधल्या एका डोंगराचं नाव आहे. तिच्या पायऱ्यांवर कशेळ्यापासून खोपोलीपर्यंतच्या चपला दिसू लागल्या. आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जायचं नाही हा आमचा जुना नियम. पूर्वी लोक शहाळं नाहीतर बिस्किटाचा पुडा आणत. आता प्रत्येकाच्या हातात फोन आणि फोनमध्ये वैद्य असल्यामुळे पुड्याची जागा बाटलीनं घेतली आहे. गुळवेलीचा काढा आला. शेवग्याच्या पानांची पूड आली. तुळशीचे थेंब आले. एकानं गव्हाच्या कोवळ्या पात्यांचा रस आणला, तो दहिवलीच्या उन्हात वाटेतच फसफसला होता. ‘जितका जुना तितका गुणकारी’ असं सांगून त्यानं तो ओट्यावर ठेवला. मी त्याला आदरानं खिडकीबाहेर ठेवलं.

अपवाद एकच, आमच्या शेजारच्या खालांचा, म्हणजे मुसलमान मावशींचा. त्यांचं घराणं मूळचं खाडीकाठचं, आता नवरा कर्जतच्या बाजारात कापडाचं दुकान चालवतो. त्या रोज दुपारी तांदळाच्या मऊ भाकऱ्या आणून देत. “दवा सगळेच देतात,” त्या म्हणाल्या, “जेवायला कोण देतं?”

मी आक्काला बजावलं होतं, घे आणि बाजूला ठेव. पण आक्काच्या स्वभावात बाजूला ठेवणं बसत नाही. कोणी प्रेमानं आणलेलं खायचंच नाही हे तिला पापासारखं वाटे, आणि ओतून द्यायचं म्हटल्यावर तर तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच गाठ आहे.

“मग करू काय त्याचं?” तिनं विचारलं. “पिऊ नको म्हणतेस. ओतू नको, हे मी म्हणते. बाटल्यांची काय तुळशीसारखी पूजा करू?”

हा प्रश्न आमच्या एका चुलत जावेनं सोडवला. म्हणजे आक्काच्या जावेनं, नेरळच्या. ती आली, दारातल्या चपलांच्या कपाटाला टेकून खुर्ची लावली आणि तिथेच बसली.

“अगं आत ये ना,” आक्का म्हणाली.

“नको गं, हितंच बरी हाय मी.”

“वारा नाय तिथं.”

“नसू दे. तुझ्यातनं येत असतील ना अजून.”

“काय?”

“किरणं.”

मी पुढे सरसावले. यंत्रातून किरणं येतात ती बॅटरीच्या उजेडासारखी असतात, बॅटरी बंद केली की भिंतीत उजेड शिल्लक राहत नाही, तशी या उपचारात माणसाच्या अंगात किरणं उरत नाहीत, त्यामुळे आक्काजवळ बसायला, तिच्या ताटात जेवायला, नातवंडं तिच्या मांडीवर द्यायला काही हरकत नाही, असं मी तिला उदाहरणासकट सांगितलं. तिनं मान डोलावत सगळं ऐकलं आणि खुर्ची अजून जरा मागे घेतली.

आक्कानं माझ्याकडे पाहिलं. मग ती उठली, ओट्यावरच्या बाटल्यांतली एक उचलली, चमचा घेतला आणि जावेपुढे उभी राहिली. “हात कर पुढं.”

“काय हाय?”

“किरणांवरचं हाय. दोन चमचे घे. मग बस खुशाल जवळ.”

जावेनं उजवा तळहात पुढे केला, दोन चमचे घेतले, हात डोक्यावरून फिरवला आणि खुर्ची थेट पलंगाला आणून लावली. संध्याकाळपर्यंत ती तिथेच होती. जाताना मुलांसाठी दोन चमचे कागदी पेल्यात घेऊन गेली.

त्या दिवसापासून आमच्या दारात तीर्थ सुरू झालं. आलेला पाहुणा आपली बाटली ओट्यावर ठेवी आणि आधीच्या पाहुण्याच्या बाटलीतले दोन चमचे घेऊन आत येई. कोणी काही वावगं मानलं नाही. उलट रुग्णाच्या घरी पाहुण्यांची इतकी काळजी घेतली जाते याचं कौतुक झालं. मी आक्काला म्हटलं, ही अंधश्रद्धा आहे, आणि ती तू वाढवते आहेस.

“मी कुठं वाढवते? ती येतानाच मोठी होऊन येते,” आक्का म्हणाली. “तुझ्या बॅटरीनं एक तरी खुर्ची पुढं आली का?”

आली नव्हती. शिवाय बाटल्या संपत होत्या, आक्का त्यातला थेंबही घेत नव्हती आणि पाहुण्यांपैकी कोणाचं फारसं बिघडलं नव्हतं. गव्हाच्या रसाच्या दिवशीचे दोघे सोडले तर. तो रस खिडकीबाहेरून आत कोणी आणला हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

अशा सुखाच्या दिवसांत व्याही आले.

आमचे व्याही मोठे गृहस्थ आहेत. हे त्यांचंच मत असलं तरी ते त्यांनी बऱ्याच लोकांना पटवलेलं आहे. खालापूर तालुक्यात त्यांची वाडी आहे. वाडीत तीन खोल्या आहेत, म्हणून तिला ते रिसॉर्ट म्हणतात. आधी त्यांनी गांडूळखत केलं, मग ध्यानकेंद्र. आता जांभळाचा अर्क काढला होता. सोबत त्यांच्या पत्नी होत्या, आमच्या विहीणबाई. त्या कमी बोलतात. त्यांना संधी मिळालेली मी पाहिलेली नाही.

व्याह्यांनी टेबलावर बाटली ठेवली आणि शेजारी एक चित्र पसरलं. चित्रात पेशी होती. पेशीला बुरूज होते. बुरुजांवर जांभळ्या रंगाचे मावळे ढाली घेऊन उभे होते आणि वरून पिवळे बाण पडत होते.

“विहीणबाई,” ते आक्काला म्हणाले, “रेडिएशन म्हणजे काय? पेशींवरचा हल्ला. आणि हे काय? कवच. सकाळ-संध्याकाळ अर्धी वाटी. तुम्हाला शेक चाललाय हेसुद्धा जाणवणार नाही.”

मी विचारलं, “हे कोणी तपासलंय का?”

“ताई, संशोधन झालंय. उंदरांवर.”

“उंदरांना कॅन्सर होता?”

“छे, छे. निरोगी उंदीर होते.”

“मग आक्काचं काय?”

“विहीणबाईही निरोगीच आहेत,” व्याही म्हणाले, “हा आजार सोडला तर.”

मी डॉक्टरचं सांगणं काढणार, तोच भाचीनं मला आत बोलावलं. मिठाचा डबा कुठे आहे असं विचारायला. मिठाचा डबा तिच्या हातातच होता.

“मावशी, पाया पडते, आत्ता काही बोलू नकोस,” ती कुजबुजली. “मागे मोठ्या जावेच्या माहेरच्यांनी गांडूळखत नको म्हटलं म्हणून त्यांच्याकडे दोन दिवाळ्या कोणी गेलं नाही. मला परत बोलावलं तर आई त्या दारात एकटी जाईल.”

मी मिठाचा डबा घेऊन बाहेर आले. आक्कानं डोक्यावरचा पदर सावरून बाटली दोन्ही हातांत घेतली होती. मुलीच्या सासरहून आलेलं नाकारायचं नसतं, हा नियम आमच्याकडे गुरुत्वाकर्षणाच्या जरा वर आहे.

ती बाटली चार दिवसांत संपली, कारण त्या आठवड्यात पोशीरहून टेंपो भरून माणसं आली होती. पुढच्या खेपेला व्याह्यांनी रिकामी बाटली पाहिली आणि ती उलटी करून खात्री केली. “फरक पडला ना?”

“लई मदत झाली,” आक्का म्हणाली. ती खोटं बोलत नाही. समोरच्याला जे ऐकायचं आहे त्याच्या अलीकडे थांबते.

व्याह्यांनी गाडीतून अर्काचा कॅन आणवला. मग बसून घोषणा केली. अर्काच्या कारखान्याचं, म्हणजे वाडीतल्या पत्र्याच्या शेडचं, उद्घाटन ठरलं होतं. प्रमुख पाहुणे येणार होते. आणि मंचावर आपल्या अनुभवाचे चार शब्द बोलायला त्यांच्या विहीणबाई, म्हणजे आक्का.

ते गेल्यावर मी म्हटलं, “तू आजारी पड.”

“पडलेच की,” आक्का म्हणाली. “अजून किती पडू?”

“मग तिथं काय सांगणार? अर्क पिऊन बरं वाटलं म्हणून?”

शेकाची जागा आता काळवंडली होती, काखेत कातडी सोलवटली होती, बाहीचा ब्लाउज घालता येत नव्हता. ती भावोजींचा जुना सुती सदरा घालून खिडकीत बसे. भाची तिच्या गळ्याजवळ पुठ्ठ्यानं वारा घाली. त्या दोघी अशा बसल्या की मला माझी शास्त्रीय मतं स्वयंपाकघरात नेऊन ठेवावीशी वाटत.

उद्घाटन रविवारी होतं. मंडप मोठा होता, मंचावर खुर्च्या त्याहून मोठ्या. मागे द्रुतगती महामार्गाचा घरघराट चालू होता आणि ध्वनिक्षेपकवाला त्याच्याशी स्पर्धा करत होता. आक्का सदऱ्यावर साडीचा पदर घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. मंचावरच्या फलकावर तोच बुरुजांचा किल्ला, आता दहा फुटी. प्रमुख पाहुणे उशिरा आले. वेळेवर येणारा प्रमुख पाहुणा आमच्या भागात अजून जन्माला यायचा आहे. त्यांना शाल, श्रीफळ आणि जांभळाचं रोप देण्यात आलं. मग इतर पाहुण्यांना शाल, श्रीफळ आणि रोप. मग मंडपवाल्याला. माझ्याजवळ शाल घेऊन आलेला माणूस मी कोण हे न कळल्यामुळे परत गेला.

प्रमुख पाहुण्यांनी भाषणात रेडिएशनचा समाचार घेतला. ते मोबाइलमधून येतं, टीव्हीतून येतं, मायक्रोव्हेवमधून येतं, आणि काही शत्रुराष्ट्रंही त्याच्या मागे आहेत, असं त्यांनी सांगितलं. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं म्हणूनच ते जांभळं खात. पूर्वज जांभळं गोड लागतात म्हणून खात असतील ही शक्यता त्यांनी विचारात घेतली नाही.

मग आक्काचं नाव पुकारलं. व्याह्यांनी तिच्या हातात छापील कागद दिला. ‘मी एक सामान्य गृहिणी’ अशी त्याची सुरुवात होती, हे मी आधीच वाचलं होतं. आक्कानं चष्मा लावला. मंचाच्या कडेला भाची आरतीचं तबक धरून उभी होती.

आक्का वाचायला लागणार, तेवढ्यात मागच्या रांगेतून एक माणूस उठला. हातात रुग्णालयाची पिशवी होती. ती पिशवी आम्ही तिघींनी लगेच ओळखली, आमच्याकडेही तशीच होती.

“बाई, जरा इचारायचं हाय,” तो म्हणाला. “मी कशेळ्याकडचा. माझ्या मंडळींचा शेक पुढल्या आठवड्यापासनं हाय. तिला ह्यो किती द्यायचा? सकाळी द्यायचा का रातीला?”

“छान प्रश्न,” व्याही म्हणाले. “विहीणबाई, सांगा.”

आक्कानं कागदाकडे पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं, जरा जास्त वेळ. मग तिनं चष्मा काढून कागदाच्या घडीत ठेवला.

“भाऊ,” ती म्हणाली, “मी नाय घेतला.”

ध्वनिक्षेपक चांगला होता. महामार्गापर्यंत ऐकू गेलं असावं.

“दादांनी मायेनं दिला. चवीला चांगला हाय, माझ्या घरी आला त्या प्रत्येकानं घेतला, पुन्हा मागून घेतला. पण माझी डॉक्टरीण म्हणली, शेक चालू हाय तवर नको. तुमी शेती करता ना?”

“हा.”

“राब भाजता?”

“भाजतो की.”

इथे न जाणणाऱ्यांसाठी सांगते. भाताची रोपं करायची ती जागा आमच्याकडे उन्हाळ्यात शेण-पालापाचोळा पसरून भाजतात, म्हणजे तणाचं बी जळून जातं. तोच राब.

“राब पेटल्यावर त्यावर पाणी मारता का?”

लोक हसले. तोही हसला. “कशाला मारीन?”

“तण जळावं म्हणून पेटवायचा नि वरनं पाणी वतायचं, मग तणच हसंल आपल्याला. आता हे पाणी तणावर पडतं का आपल्या मातीवर, ते डॉक्टरणीला बी नक्की ठाव नाय. म्हणून ती म्हणते, भाजून होऊ दे. तुमच्या मंडळींना जेवण द्या. पेज द्या. आन त्यांच्या डॉक्टरला इचारा. मला नका इचारू,” ती थांबली, “दादांना बी नका इचारू.”

ती खाली येऊन माझ्या शेजारी बसली. चष्म्यासकट तो कागद तिनं माझ्या पिशवीत टाकला.

व्याह्यांच्या चेहऱ्यावरून त्या दोन क्षणांत बरेच ऋतू गेले. मग त्यांनी माइक हातात घेतला.

“मंडळी,” ते म्हणाले, “आमच्या विहीणबाईंनी जे सांगितलं, नेमकं तेच मी सांगणार होतो. हा अर्क निरोगी माणसासाठी आहे. उपचार चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, असं आपल्या बाटलीवर स्पष्ट छापलेलं आहे.” पुढच्या रांगेतल्या कोणीतरी बाटली फिरवून पाहायला घेतली. “म्हणजे छापण्यात येत आहे.”

टाळ्या पडल्या. माझ्याही दोन पडल्या. मी आयुष्यभर चुका कबूल न करणारी माणसं पाहिली, पण चूक इतक्या वेगानं स्वतःच्या मालकीची करून टाकणारा माणूस एकच.

जेवणात मात्र ते आमच्या पंगतीकडे फिरकले नाहीत. विहीणबाई वाढायला आल्या. आक्काच्या पानात भात वाढताना त्या हळूच म्हणाल्या, “साखर फार घालतात हो. मी घरात बोलले होते.” मी ऐकलेलं त्यांचं हे सर्वांत लांब भाषण. निघताना व्याही गाडीशी आले आणि आमच्या डोक्यांवरून सुनेला म्हणाले, “सूनबाई, उद्या सकाळी मी येतो.”

एवढंच.

परतीच्या गाडीत, खालापूर मागे गेलं तेव्हा आक्का म्हणाली, “नेतील गं तुला.”

“नेऊ दे,” भाची म्हणाली. “काय वाईट बोललीस तू?”

“मग दारापर्यंत कोण?”

“मी आहे की,” मी म्हटलं.

“तू दारात त्या मशीनवाल्याला बॅटरी शिकवत बसशील,” आक्का म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

सकाळी तिनं स्वतः उठून लेकीची पिशवी भरली. साड्यांच्या घड्या दोनदा मोडून पुन्हा घातल्या. व्याही आले ते कडक इस्त्रीत, बगलेत जाड फाइल घेऊन. त्यांनी पिशवीकडे पाहिलं.

“ही कशाला?”

आक्कानं पिशवीचे बंद आवळले.

“गाडी खाली उभी आहे. चला, उशीर होईल. मला त्या डॉक्टरीणबाईंना भेटायचंय. संशोधनाचे कागद दाखवायचेत.” मग फाइल सावरत, कोणाकडेही न बघता, “आणि पिशवी आत ठेवा. शेक संपेपर्यंत सूनबाई इथे आहे, हे मी गटावर टाकलेलं आहे. मी टाकलेलं मागे घेत नाही.”

वाटेत त्यांनी आम्हाला पेशींविषयी बरंच सांगितलं. रुग्णालयात डॉक्टर आत होती, आम्हाला थांबायला सांगितलं. व्याही बाकावर बसले. समोरच्या बाकांवर सकाळची नेहमीची माणसं होती. टक्कल झाकणाऱ्या ओढण्या, गळ्यावर शेकाची जागा दाखवणाऱ्या निळ्या शाईच्या खुणा, मांडीवर डबे. व्याह्यांनी फाइल उघडली, पुन्हा बंद केली. आक्काचा पुकारा झाला तेव्हा तेही आमच्याबरोबर उठले आणि त्या जाड दारापर्यंत आले. तिथल्या माणसानं हात आडवा केला. “नातेवाईक एकच.”

व्याह्यांना कुठल्याही दारात कोणी अडवलेलं मला आठवत नाही. त्यांनाही आठवत नसावं. ते त्या हाताकडे पाहत राहिले. मग सुनेला म्हणाले, “तू जा.”

भाचीनं आक्काचा हात धरून तिला आतल्या वळणापर्यंत नेलं आणि एकटी परत आली. दार लागलं, वरचा लाल दिवा लागला.

“आत किती वेळ लागतो?” त्यांनी मला विचारलं.

“थोडाच. पडायचं, हलायचं नाही.”

“आणि दुखतं?”

“तेव्हा नाही. नंतर कातडी जळते.”

“आमच्या चित्रात ते नाही,” ते म्हणाले.

शेजारी बसलेल्या एका बाईनं मान वळवली आणि त्या बाकावरचा रोजचा प्रश्न त्यांना विचारला, “तुमचं कोण आहे आत?”

“आमच्या विहीणबाई.”

“काय देता त्यांना?”

फाइल त्यांच्या मांडीवर होती. भाचीनं डोळे मिटून घेतले. व्याह्यांनी लाल दिव्याकडे पाहिलं.

“पेज,” ते म्हणाले.

“नुसती?”

“नुसती कशी? उकड्या तांदळाची.” ते जरा पुढे सरकले. “त्याचं शास्त्र आहे. तांदूळ जुना पाहिजे. मीठ वरून. आणि कोमट घ्यायची, गरम नाही. बहुतेक लोक तिथेच चुकतात.”

बाईनं पिशवीतून फोन काढला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगा म्हणाली. त्यांनी सांगितलं. पलीकडचे दोघं जवळ सरकले, त्यांच्यासाठी तांदळाच्या भागापासून परत सुरुवात झाली. आक्का दारातून बाहेर आली, लेकीच्या खांद्याला धरून आमच्यापर्यंत चालत आली आणि उभी राहिली, तरी पेज निवायला किती वेळ ठेवायची हे अजून व्हायचं होतं.